रुमालातली भाकर

भाकरीचं ताट आमच्या बाकापाशी आलं आणि एफ्राईमनी एक तुकडा उचलून तळहातावर ठेवला. मीही ठेवला. आमच्या मंडळीची रीत अशी, की हातात आली म्हणून भाकर लगेच खायची नाही. ताट शेवटच्या बाकापर्यंत जातं, मग पाळकसाहेब "घ्या" म्हणतात आणि सगळे एकदम खातात. त्या दिवशीची भाकर मीच कापली होती. नव्या मेजावरचं पहिलंच प्रभुभोजन आणि मेज घडवलेलं माझ्या नवऱ्यानं, म्हणून पाळकीणबाईंनी ते काम मोठ्या मानानं मला दिलं होतं.

"घ्या" म्हणण्याआधी पाटोळे पाळकसाहेब दरवेळी एकच गोष्ट सांगत. चष्मा काढून, पुस्तकात न बघता. "भावाच्या मनात तुमच्याविषयी काही असेल आणि ते तुम्हाला इथं आठवलं, तर आधी उठा. जाऊन समेट करून या. मेज कुठं पळून जात नाही." इतकी वर्षं ते हे सांगत आले होते आणि इतक्या वर्षांत कुणीही उठलं नव्हतं. बोलणं संपलं की ते दोन श्वास थांबायचे. तेवढ्यात लोक खोकून घ्यायचे, बायका पोरांची नाकं पुसायच्या.

त्या दिवशी एफ्राईम उठले.

मी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं. "अहो, बसा."

"सोड, दुर्कस."

"लोक बघताहेत."

त्यांनी खिशातून रुमाल काढला, भाकरीचा तुकडा त्यात ठेवला आणि चारी टोकं दुमडून मुठीत धरला. पाळकसाहेबांचा चष्मा हातातच राहिला.

"एफ्राईम, बरं वाटत नाही का?"

"बरा आहे, साहेब. दादाकडं जाऊन येतो."

चर्चमध्ये कुणी खोकलं नाही. पाळकसाहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, परत काढला. "उपासना होऊ दे ना. मग मी येतो, पंचमंडळी येतील, सगळेच जाऊ."

"तुम्हीच म्हणालात साहेब, आधी."

"बरं, जा," पाळकसाहेब हळू म्हणाले. "पण भाकर इथं ठेवून जा."

"नेतो, साहेब. अर्धी त्याची आहे."

आणि ते मधल्या वाटेनं चालत बाहेर गेले. मी माझा तुकडा ताटात परत ठेवला आणि मागं धावले. धावले म्हणजे जमेल तसं. पोटात आमचं पहिलं बाळ होतं आणि दिवस भरत आले होते.

सगळी मंडळी अशी गप्प का झाली, ते सांगायला हवं.

माझे सासरे दाविदमास्तर अमोलिक मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकवायचे. त्यांना दोन मुलं. बायबलातल्या योसेफाच्या मुलांची नावं त्यांनी आपल्या मुलांना ठेवली, थोरला मनश्शे, धाकटा एफ्राईम. मनश्शेला सगळे मनशादादा म्हणत. दोघांचे हात वडिलांसारखेच. एका वादळात मिशन कंपाउंडातला जुना साग पडला, तेव्हा मास्तरांनी तो मागून घेतला, फळ्या पाडून छपराखाली रचल्या आणि सांगितलं, "या वाळल्या की दोघांनी मिळून प्रभूचं मेज करा." ते मेज बघायला ते राहिले नाहीत.

मास्तर गेल्यावर पंचमंडळींनी मेजाची घाई चालवली. मनशादादा म्हणाले, लाकूड अजून ओलं आहे, आणखी एक उन्हाळा जाऊ दे. एफ्राईम त्यांना विचारायला गेले, पुन्हा गेले, तिसऱ्यांदाही गेले. उत्तर तेच. मंडळी मात्र थांबायला तयार नव्हती. शेवटी एफ्राईमनी एकट्यानं रंधा हातात घेतला. मेज झालं, सुंदर झालं. समर्पणाच्या दिवशी पाळकसाहेबांनी वेदीवरून जाहीर केलं, "हे मेज आपले बंधू एफ्राईम अमोलिक यांनी घडवलं." मागच्या बाकावरून मनशादादा उठले आणि निघून गेले. एफ्राईम काही सांगायला उभे राहिले होते, पण तोवर प्रार्थनेला सुरुवात झाली आणि सगळ्यांनी डोळे मिटले.

त्यानंतर दादा चर्चला आले नाहीत. ओढ्यापलीकडं त्यांनी वेगळं छप्पर टाकलं. आणि त्याआधीच्या बाजाराच्या दिवशी, भर बाजारात, भाजीवाल्यांच्या समोर त्यांनी एफ्राईमना सांगितलं होतं, "माझ्या फाटकाला हात लावून बघ. तो हात घरी नेणार नाहीस." मनशादादा रागीट होते, पण बढाईखोर नव्हते. बोलले ते करायचे. म्हणून मंडळी गप्प झाली होती आणि म्हणून मी मागं धावले होते.

सुताराचा हात. त्या हातावर आमचं घर चालत होतं.

"चूक तुमची काय आहे ते तरी सांगा," मी मागून म्हटलं. ऊन चढलं होतं आणि ते भराभर चालले होते.

"हळू चाल. पडशील."

"तुम्ही थांबा म्हणजे मी हळू चालते. तीनदा विचारायला गेला होतात की नाही?"

"गेलो होतो."

"नाव पाळकसाहेबांनी घेतलं. तुम्ही सांगितलं होतं का, माझंच घ्या म्हणून?"

"नाही."

"मग त्यांनी यावं आपल्याकडं. आपण कशाला जायचं?"

ते थांबले. "मीपण हाच विचार करत होतो. किती आठवडे करतोय. त्या वचनात लई शोधलं, दुर्कस. चूक कुणाची ते विचारलेलंच नाहीये. भावाच्या मनात काही असेल तर जा. एवढंच आहे."

"आणि त्यांनी बाजारात सांगितलंय ते? तुमचा हात गेला तर मी काय करू? या पोटातल्यानं काय खायचं?"

त्यांनी उजवा हात माझ्यापुढं धरला. बोटं थरथरत होती. रंधा मारताना कधी केसभर न हलणारी ती बोटं.

"बघ," ते म्हणाले. "मला काय भीती वाटत नाही असं समजतेस का? वाटतीय. पण भीती वाटली तर जाऊ नको, असंही कुठं लिहिलेलं नाही."

"काठी तरी घ्या बरोबर."

"काठी घेऊन कसला समेट करायचा?" ते हसले. मला संताप आला. त्या घडीला मला ते देवभक्त नाही, नुसते हट्टी वाटले.

पुढची वाट मी देवाशी भांडत चालले. प्रार्थना म्हणावी असं त्यात काही नव्हतं. दादा घरी नसू देत, असं मागितलं. परगावी गेलेले असू देत. तापानं पडलेले असू देत, असंही मागितलं. तू म्हणतोस काळजी करू नका, पाखरांकडं बघा. पाखरांना हात लागत नाहीत, प्रभू, आम्हाला लागतात. हात गेला तर आम्ही खायचं काय? असं काय काय बोलत होते. माझ्या मनात एकामागून एक चित्रं येत होती आणि प्रत्येकात रक्त होतं.

ओढ्यावर सलोमीबाई भेटली. माझी जाऊ, मनशादादांची बायको. कमरेवर घागर घेऊन ती वर चढत होती. आम्हाला बघितलं आणि घागर तिथंच खाली ठेवली.

"भाऊजी, कुठं चाललात?"

"दादाकडं."

"माघारी जावा." ती वाटेत आडवी उभी राहिली. "आज नका. आज नव्या मेजावर पहिलं प्रभुभोजन, ते त्यांना ठाऊक आहे. सकाळपासून तोंडातून शब्द नाही. नुसता वाकस घेऊन धार लावत बसलेत."

वाकस म्हणजे सुताराचं लाकूड तासायचं हत्यार. कुदळीसारखं पातं आडवं असतं आणि धार वस्तऱ्यासारखी.

"रविवारी धार लावतोय?" एफ्राईमनी विचारलं.

"दुर्कस, तू तरी सांग यांना," तिनं माझा दंड धरला. "तुझ्या लेकरासाठी सांग."

मी काय सांगणार होते? एफ्राईम तिला वळसा घालून पुढं गेले. आम्ही दोघी त्यांच्या मागं. घागर वाटेतच राहिली.

दादांच्या फाटकाला दार नव्हतं. दोन खांब आणि त्यांच्यात सरकवलेला बाभळीचा जाड दांडा. आत छपराखाली लाकडं रचलेली, एका बाजूला लाकडं ओढायची हातगाडी. दादा एका ओंडक्यावर बसून दगडावर वाकस घासत होते. आम्ही आलेलं त्यांना दिसलं. घासणं थांबलं नाही.

"दादा," एफ्राईमनी हाक मारली.

दगडावर पाणी पडलं. घासण्याचा आवाज चालूच.

"दादा, मी आलोय."

"दिसतंय. दांड्याच्या पलीकडं राहा."

एफ्राईम पलीकडंच राहिले. फक्त त्यांनी उजवा हात दांड्यावर ठेवला. ओळखीच्या माणसाच्या कुंपणाशी कुणीही उभं राहतं तसे ते उभे होते. डाव्या मुठीत रुमाल होता.

दादा उठले. वाकस हातातच होता. चालत दांड्यापर्यंत आले. दोघांत आता फक्त तो दांडा होता.

"बाजारात काय बोललो होतो?"

"ऐकलंय."

"मग हात काढ."

"बोलायचंय तुझ्याशी."

"आधी हात काढ, मग बोल."

एफ्राईमनी हात काढला नाही. मी मागून म्हटलं, "अहो, काढा ना हात!"

"आपल्या बापानं नावं ठेवतानाच घोळ करून ठेवलाय," दादा म्हणाले. ते ओरडत नव्हते, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटत होती. "म्हाताऱ्या याकोबानं नातवांना आशीर्वाद देताना हात आडवे टाकले. उजवा हात धाकट्या एफ्राईमच्या डोक्यावर, आणि थोरला मनश्शे बसला बघत. संडे स्कूलमध्ये ही गोष्ट सांगितली की पोरं माझ्याकडं बघून हसायची. आठवतं?"

"आठवतं."

"मी म्हणालो होतो, एक उन्हाळा थांब. म्हणालो होतो का नाही?"

"म्हणाला होतास."

"मग?"

"मी थांबायला पाहिजे होतं," एफ्राईम म्हणाले. "मंडळींना सांगायला पाहिजे होतं, दादा म्हणतो तोवर हात लावणार नाही. आणि त्या दिवशी प्रार्थना चालू असली तरी मध्येच बोलायला पाहिजे होतं. माझं चुकलं, दादा."

मी थक्क झाले. वाटेत मी इतकी डोकेफोड केली होती, त्यांची चूक नाही म्हणून, आणि इथं हे कबूल करून मोकळे. दादाही थक्क झाले असावेत. वाकस धरलेला हात सैल होऊन खाली आला. सलोमीबाईनं माझा दंड सोडला. मला वाटलं झालं, टळलं. देवा, तुझे उपकार.

मग दादांची नजर डाव्या मुठीकडं गेली.

"रुमालात काय आहे?"

"तुझ्यासाठी आणलंय." एफ्राईमनी मूठ पुढं केली. "मेजावरची—"

"मेज!"

तो एक शब्द त्यांच्या कानात शिरला आणि पुढचं काही शिरलं नाही. "पुन्हा मेज! माझ्या दारात येऊन मेज दाखवतोस!" वाकस वर गेला. एफ्राईम हलले नाहीत. सलोमीबाई किंचाळली. घाव खाली आला तो थेट दांड्यावर.

दांड्यावर हात होता.

एफ्राईम आपल्या हाताकडं बघत होते. पहिली दोन बोटं तिथं नव्हती. मग रक्त आलं आणि ते दांड्यावरून खाली पडायला लागलं. दादांच्या हातून वाकस गळला.

"हात का नाही काढलास?" दादा म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अरे, मी दांड्यावर मारत होतो. मला वाटलं तू हात काढशील."

"तू मारशील असं मला वाटलं नाही," एफ्राईम म्हणाले आणि गुडघ्यांवर बसले.

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. सलोमीबाई नंतर सांगायची की मी दादांच्या छातीवर बुक्क्या मारत होते आणि ते खाऊन घेत होते. मग त्यांनी मला बाजूला सारलं, डोक्याचा पटका सोडला, एफ्राईमचा हात त्यात गच्च आवळून वर धरला आणि सलोमीबाईला ओरडून हातगाडी आणायला सांगितली. एफ्राईमना त्यांनी लेकरासारखं उचलून गाडीवर ठेवलं. "हात वर धर. खाली आणू नको. दुर्कस, तू याचा हात धर." मी धरला. दादांनी गाडी ओढायला सुरुवात केली.

त्या गाडीवर साग आणि बाभळीचे ओंडके यायचे. आता एफ्राईम होते, आणि बाजूनं मी चालत होते, त्यांचा हात वर धरून. पटका लाल होत चालला होता. ओढा आला. दादा पाण्यातून गाडी घेऊन गेले, चाक खडकाला अडलं, तेव्हा त्यांनी खांद्यानं ती वर काढली. "मी दांड्यावर मारला," ते एकटेच म्हणत होते. "मी दांड्यावर मारला." एफ्राईमचे डोळे मिटत होते. मी हाका मारत होते.

मोठ्या रस्त्याला जायची वाट चर्चवरूनच जाते. उपासना नुकतीच सुटली होती. सगळी मंडळी पायऱ्यांवर उभी होती आणि त्यांच्यासमोरून थोरला भाऊ धाकट्याला हातगाडीवर घालून पळत होता, दोघेही रक्तानं माखलेले. पाळकसाहेब नुसते "प्रभू, प्रभू" म्हणत धावत आले आणि त्यांनी मागून गाडीला हात लावला. रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर मिळाला. त्यात बसून आम्ही तालुक्याच्या मिशन हॉस्पिटलात पोचलो.

डॉक्टरीणबाईंनी पटका सोडला, बघितलं आणि विचारलं, "कशानं झालं?"

"वाकसानं," एफ्राईम म्हणाले.

"तुमच्या हातून?"

"भावाच्या हातून."

बाईंनी दादांकडं बघितलं. दादा भिंतीला टेकून उभे होते. "पोलिसांना कळवावं लागेल. तक्रार करायची आहे?"

"हो," मी म्हटलं.

"नाही," एफ्राईम म्हणाले. "त्यानं दांड्यावर मारला. हात मी ठेवला होता."

त्यांना आत नेलं. दार बंद झालं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. पोटातलं बाळ एकसारखं फिरत होतं. मी एका बाकावर बसले, दादा व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जमिनीवर. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर परत धावून गेले असते.

बोटं जोडता येणार नव्हती. हात वाचला, असं बाईंनी सांगितलं. वाचला म्हणजे अंगठा आणि शेवटची दोन बोटं राहिली.

मी आत जाऊन खाटेशेजारी बसले. एफ्राईम पडून होते, हात मोठ्या पांढऱ्या गाठोड्यात. माझ्या मनात आलं, की वाटेत जी जी चित्रं मला दिसली होती ती खरी झाली. मी इतकी काळजी केली, पण काळजी करून मी काहीच टाळलं नव्हतं. आणि देवाचं ऐकून यांनीही काही टाळलं नव्हतं. मग काळजी करणारी मी आणि विश्वास ठेवणारे हे, दोघांत फरक काय उरला? मला खरोखर कळत नव्हतं आणि मी रडतही नव्हते.

त्यांनी डोळे उघडले. "दादा आहे का?"

"आहेत. बाहेर. आत यायचं तोंड कुठं आहे?"

"बोलाव त्याला."

"मी नाही बोलावणार."

"दुर्कस."

"तुमचा समेट झाला ना? तुम्ही माफ करून मोकळे. माझा झालेला नाही. माझ्या मनात आहे त्यांच्याविषयी, पुष्कळ आहे."

त्यांनी डोळे मिटले. वाटलं, झोपले. मग तसेच म्हणाले, "मग तर तुलाच जावं लागेल."

मी बराच वेळ उठले नाही. त्यांनी परत सांगितलं नाही, पण ते जागे आहेत हे मला श्वासावरून कळत होतं. वाट बघत होते. मला त्यांचा राग आला, देवाचा आला, पाळकसाहेबांच्या त्या दर महिन्याच्या वाक्याचाही आला. आणि मला हेही कळलं, की मी उठले नाही तर ही खोली अशीच राहील, जन्मभर, आमच्या घरात सुद्धा. सकाळी ते बाकावरून कसे उठले असतील, ते मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं. त्यांनाही उठायचं नव्हतं.

मी उठले.

दादा अजून जमिनीवरच होते. सदरा रक्तानं कडक झालेला. मला बघून ते उठून उभे राहिले, मोठ्या माणसासमोर उभं राहावं तसे. मी काही बोलायच्या आत त्यांनी खिशातून रुमाल काढला.

"हा फाटकाशी पडला होता," ते म्हणाले. "गाडीमागं धावताना सलोमीनं उचलला, ओढ्यावर माझ्या खिशात कोंबला. आत्ता उघडून बघितला." त्यांनी रुमाल उघडला. आत भाकरीचा तुकडा होता, मी सकाळी कापलेला, बोटाच्या पेराएवढा. त्याला लाकडाचा भुसा लागला होता आणि एक कोपरा लाल झाला होता. "याच्यासाठी आला होता तो? एवढ्याशासाठी?"

"अर्धी तुमची आहे म्हणाले. पाळकसाहेबांनी ठेवून जा सांगितलं तरी ऐकलं नाही."

दादांनी रुमालाची टोकं परत दुमडली.

"आत चला, दादा."

"त्यानं बोलावलंय?"

"हो." मी थांबले. पुढचं बोलायला मला फार जड गेलं, आजही आठवतं तेव्हा जड जातं. "मीपण बोलावतेय."

ते आत आले. खाटेशी उभे राहिले, बसले नाहीत. रुमाल पुढं केला. एफ्राईमनी डावा हात उचलला, मग खाली ठेवला आणि जरासं हसून म्हणाले, "तू मोड, दादा. मला आता एका हातानं मोडता येणार नाही."

तेव्हा दादा रडले. एवढा थोराड माणूस, खाटेच्या कडेवर डोकं ठेवून हमसाहमशी रडला. एफ्राईमचा डावा हात त्यांच्या डोक्यावर होता. मग त्यांनी डोळे पुसले, भुसा फुंकरीनं उडवला आणि तो तुकडा मोडला. अर्धा एफ्राईमच्या हातावर ठेवला. उरलेल्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि तो परत मोडून त्यातला एक कण मला दिला. माझी भाकर मी ताटात परत ठेवून आले होते, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

पाळकसाहेब संध्याकाळी आले. त्यांना सांगितलं, पाळकाशिवाय आम्ही हे केलं म्हणून. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "पुढच्या वेळी मला बोलवा," आणि प्रार्थना न करताच गेले. नंतर कळलं, व्हरांड्यात बसून केली.

पुढं काय झालं ते गावात सगळ्यांना माहीत आहे. हॉस्पिटलातून आम्ही घरी आलो त्या आठवड्यात मनशादादा आपली सगळी हत्यारं त्याच हातगाडीवर घालून आमच्या छपराखाली घेऊन आले. विचारलं नाही, सांगितलं नाही. एफ्राईम डाव्या हातानं खुणा करायला शिकले, दादा त्या खुणांवर करवत चालवायचे आणि खूण वाकडी असली की दिवसभर बोलून दाखवायचे. आमच्या तिन्ही लेकरांनी त्यांच्या भांडणांत बाराखडी गिरवली. आम्ही उपाशी राहिलो नाही. त्या दिवशी ओढ्याच्या वाटेवर मी देवाला जो प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर हातगाडीवर बसून दारात आलं होतं, आणि ओळखायला मला काही वर्षं लागली.

दादा पहिल्यांदा चर्चला आले तेव्हा उपासना संपल्यावर मेजाशी गेले. अंगठा खालून फिरवला. "मागच्या पायाचा सांधा उघडलाय," ते मोठ्यानं म्हणाले. "लाकूड ओलं होतं. मी सांगत होतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी पाचर ठोकून सांधा बसवला. मेज अजून तिथंच आहे.

तेव्हापासून दर प्रभुभोजनाला दादा आमच्या बाकावर बसले, एफ्राईमच्या उजव्या बाजूला. ताट आलं की ते दोन तुकडे उचलायचे, एक आपल्या हातावर, एक एफ्राईमच्या. खरं तर काही गरज नव्हती. एफ्राईमचा डावा हात धडधाकट होता. पण त्यांनी तो ताटाकडं कधी नेला नाही.

गेल्या वर्षी एफ्राईम गेले. पेटी दादांनीच केली, ऐंशीच्या घरातल्या हातांनी, कुणालाही रंध्याला हात लावू न देता. त्यानंतरच्या प्रभुभोजनाला आम्ही दोघं बाकावर बसलो होतो, मध्ये एका माणसाची जागा सोडून. ताट आलं. दादांनी सवयीनं दोन तुकडे उचलले. आणि मग दुसरा हातात धरून तसेच बसून राहिले.

पाळकसाहेब आता नवे आहेत, पण रीत तीच आहे. त्यांनी चष्मा काढला, भावाबद्दलचं ते वाक्य सांगितलं, दोन श्वास थांबले. लोक खोकले.

दादा रिकाम्या जागेवर सरकले आणि तो तुकडा माझ्या हातावर ठेवला.